वेबसाइटवाला भाचा

मराठी माणूस धंद्यात उतरला की घरातले निम्मे लोक ‘नोकरी काय वाईट होती?’ म्हणतात आणि उरलेल्यांतला एक भाचा म्हणतो, ‘मामा, तुझी वेबसाइट मी करून देतो.’ पहिल्या निम्म्यांपासून धंद्याला काही धोका नसतो.

हा भाचा पुतण्याही असू शकतो, मेव्हणीचा मुलगा असू शकतो, नाहीतर शेजारच्या काकूंचा ‘भारी हुशार’ चिरंजीव असू शकतो. नातं बदललं तरी वाण तोच. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असतो; शाखा मेकॅनिकल असली तरी अडत नाही, कारण आजोबांचा प्रिंटर एकदा त्याने सुरू करून दिलेला असतो. पैसे घेत नाही. फुकट काम करणाऱ्याला काही बोलता येत नाही, हीच त्याची खरी फी.

मामाचं नारायण पेठेत फराळाचं दुकान. दिवाळीत चकल्या-अनारशांची पार्सलं न्यू जर्सीपर्यंत जातात, म्हणून वेबसाइट हवी. रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा सरकवून भाचा लॅपटॉप उघडतो.

‘हे बघ मामा, होस्टिंग महिना फक्त 99 रुपये!’

मामाचा जन्म घाऊक बाजारात गेलेला. तो कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतो. ‘खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय रे?’

‘काही नाही, टर्म्स असतात.’

त्या बारीक अक्षरांत असं असतं की 99चा भाव चार वर्षांचे पैसे आज एकरकमी भरले तरच. वर 18 टक्के जीएसटी. मामा लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे गुणाकार करतो. 99 रुपयांची वस्तू घरी आणायला 5607 रुपये पडतात. ‘आणि चार वर्षांनी?’ नूतनीकरणाचा भाव दुप्पट-तिप्पट असतो, पण तो भाच्याने पाहिलेलाच नसतो. तो म्हणतो, ‘तोपर्यंत टेक्नॉलॉजी बदललेली असेल.’ हे मात्र अगदी खरं. टेक्नॉलॉजीबरोबर भाच्याचा देशही बदललेला असतो.

‘शिवाय 99.9 टक्के अपटाइमची गॅरंटी!’

मामा पुन्हा पाकीट उलटं करतो. वर्षाचे तास 8760. त्याचा हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास. ‘वर्षाला पावणेनऊ तास बंद? आपण एक ते चार मिटतो, त्यात तीन दिवसांत नऊ होतात. लोक चांगलेच कष्टाळू दिसतात.’ मग जरा थांबून, ‘फक्त ते पावणेनऊ तास वसुबारसेला नकोत म्हणावं.’ असं सांगून ठेवायची सोय कुठल्याच प्लॅनमध्ये नसते. गॅरंटी मोडली तर भरपाई मिळते ती भाड्यातल्या थोड्या सुटीची, बुडालेल्या चकल्यांची नाही.

भाच्याचा सगळ्यात आवडता शब्द ‘अनलिमिटेड’. जागा अनलिमिटेड, ट्रॅफिक अनलिमिटेड. आपल्याकडच्या अमर्यादित थाळीत तिसऱ्या पोळीनंतर वाढपी जसा फिरकत नाही, तसंच हे. स्वस्त शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइटी दाटीवाटीने राहतात. म्हणून प्रोसेसर, मेमरी आणि फाइलींची संख्या यांवर मर्यादा असतेच. ती वेगळ्या पानावर लिहिलेली असते एवढंच. ऐन दिवाळीच्या आठवड्यात गिऱ्हाइकांची झुंबड उडते आणि चकलीच्या जागी पांढऱ्या पानावर अक्षरं उमटतात: ‘508 रिसोर्स लिमिट इज रीच्ड’. मामीला वाटतं, 508 ऑर्डरी आल्या.

अशा वेळी भाच्याकडे तीन उत्तरं तयार असतात. पहिलं, ‘कॅशे क्लिअर कर.’ दुसरं, ‘माझ्याकडे तर उघडतेय.’ तिसरं ब्रह्मास्त्र, ‘डीएनएस आहे ना, 48 तास लागतात.’ होस्ट बदलल्यावर नवा पत्ता जगभर पोचायला कधी कधी तेवढा वेळ लागतो, हे खरं. पण भाचा हे उत्तर चिवड्याचा भाव दुरुस्त करायलाही देतो.

साइट धिमी का, याचं निम्मं उत्तर त्याच्याच कलाकुसरीत असतं. पानावर आकाशकंदील हलावा म्हणून एक प्लगिन, माउसमागून फुलबाजी उडावी म्हणून दुसरं, आणि अनारशाचा फोटो मोबाइलमधून जसा निघाला तसा, आठ एमबीचा. होस्ट बदलून हा आजार बरा होत नाही.

बॅकअपचं विचाराल तर, ‘होस्टिंगवाले घेतात ना!’ 10 मार्च 2021ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं. पण भाचा त्या आठवड्यात थीमचा रंग निवडत असतो.

आणि एक दिवस तो एमएस करायला जर्मनीला जातो. डोमेन त्याने कॉलेजच्या ईमेलवर घेतलेलं. पास झाल्यावर कॉलेज तो बंद करतं. ओटीपी जातो पुण्याच्या सिमवर, तेही बंद. नूतनीकरणाच्या सूचना कुणी न उघडणाऱ्या पेटीत पडत राहतात. डॉट कॉमची मुदत संपली की सहसा काही दिवस सवलतीचे मिळतात. पुढे 30 दिवसांचा रिडेम्प्शन काळ, त्यात दंड जबर. त्यानंतर ते नाव कुणीही उचलावं. मामा मदतकेंद्राला फोन लावतो. तिकडून नम्र आवाज येतो, ‘सर, नोंदणीकृत ईमेलवरून लिहा.’ पैसे मामाचे, धंदा मामाचा. मालक म्हणून नोंद मात्र भाच्याची.

तरीही भाचा मनाने वाईट नसतो. म्युनिकमध्ये रात्री दोनला जागून, जुने पासवर्ड खणून तोच नाव सोडवून देतो आणि वर ‘मामा, चिवडा पाठव’ म्हणतो.

खरं तर फराळाच्या दुकानाला साधं शेअर्ड होस्टिंग पुरतं. सुरुवातीचा भाव विसरा, नूतनीकरणाचा विचारा. एसएसएल प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते 2015 पासून फुकट देते. पैसे भरण्याआधी मदतकेंद्राला रात्री दहाला फोन करून पाहा, कोण उचलतं ते कळेल. महिन्याकाठी एक बॅकअप स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्या. भाच्याला चिवडा नियमाने द्या, पण डोमेन स्वतःच्या नावावर, दुकानाच्या ईमेलवर घ्या आणि नूतनीकरणाची तारीख कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. भाचा आज ना उद्या जर्मनीला जाणारच आहे.