कलम १७ आणि खाऱ्या शंकरपाळ्या

भारतीय कायद्याच्या दृष्टीने संगणकाचा प्रोग्रॅम ही साहित्यकृती आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली झालेल्या दुरुस्तीने साहित्यकृतीच्या व्याख्येत प्रोग्रॅमचा समावेश केला, आणि तेव्हापासून, एखाद्या फराळविक्रेत्यासाठी मोबाइल अॅप लिहिणारा, मांडीवर लॅपटॉप आणि कानांवर हेडफोन घेऊन कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसलेला पंचविशीतला तरुण हा कथा-कादंबरीकारांच्याच पंगतीला आलेला आहे. मराठी समीक्षेने त्याची दखल घेतली नाही हे एक वेळ क्षम्य मानता येईल, कारण तिचे जुन्यांशीच असलेले हिशेब अजून चुकते व्हायचे आहेत. परंतु त्याला काम देणाऱ्या फराळविक्रेत्यानेही ती घेऊ नये, ही बाब विक्रेत्याला चांगलीच महागात पडते. आपण कंत्राटदार नेमला आहे अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात त्याने लेखक नेमलेला असतो, आणि काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी संपादकांना लेखक या प्राण्याविषयी जे जे कळत आले आहे, ते ते सारे त्याला एका हंगामात स्वखर्चाने शिकावे लागते.

विक्रेत्याला अॅप मुळात का हवे असते, हा प्रश्न येथे लवकर निकालात काढता येतो: समोरच्या दुकानदाराने काढले म्हणून. याहून खोल कारणेही सांगितली जातात, पण ती बहुधा पहिला हप्ता देऊन झाल्यावर सुचलेली असतात.

फ्रीलान्सर म्हणजे कोणत्याही कंपनीच्या हजेरीपटावर नसलेला, कामागणिक मोबदला घेणारा आणि आपण एका वेळी नेमकी किती कामे अंगावर घेतली आहेत हे इतरांना, आणि प्रसंगी स्वतःलाही, कळू न देणारा व्यावसायिक. तो मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला अपवर्क किंवा फायवर यांसारख्या ऑनलाइन बाजारांचा, जेथे कामाचे वर्णन टाकल्यावर थोड्याच वेळात बोली लावणाऱ्यांची रांग लागते आणि त्यांतील प्रत्येक जण आपल्याला ग्राहकाची गरज पूर्णपणे समजली असल्याचे कळवतो. ही गरज खुद्द विक्रेत्याला अद्याप समजलेली नसल्यामुळे तो या एकमताने दडपून जातो आणि दुसऱ्या मार्गाकडे वळतो. दुसरा मार्ग भाच्याच्या मित्राचा. महाराष्ट्रातील लहान धंद्यांच्या संगणकीकरणाचा इतिहास ज्या दिवशी लिहिला जाईल, त्या दिवशी भाच्याच्या मित्राला त्यात स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल. हा तरुण पहिल्याच भेटीत, पुढ्यात आलेली चकली संपण्याच्या आत, विक्रेत्याला ‘काका’ म्हणतो, आणि या संबोधनाबरोबर व्यवहाराचा पाया खचतो. काकाला पुतण्याकडे लेखी करार मागता येत नाही आणि पुतण्याला काकाकडे थकलेला दुसरा हप्ता मागता येत नाही. दोघेही आपापली नाराजी भाच्यामार्फत कळवू लागतात, आणि भाचा ती कोणालाच न पोहोचवता हळूहळू दोघांचेही फोन उचलणे बंद करतो. (काका-पुतण्यांतील अलिखित करारांचा विषय महाराष्ट्रात याहून बराच विस्तीर्ण आहे, येथील विवेचन फराळापुरते मर्यादित ठेवले आहे.)

कामाचे स्वरूप ठरवणाऱ्या कागदाला या धंद्यात ‘स्कोप’ म्हणतात. काय करायचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करायचे नाही, याची ती यादी असते. प्रस्तुत प्रकारात ती बहुधा एका वाक्यात आटोपते: ‘स्विगीसारखंच, पण साधं.’ विक्रेता किंमत ठरवताना या वाक्याच्या उत्तरार्धावर बोट ठेवतो आणि काम तपासताना पूर्वार्धावर. त्याच्या कल्पनेतले अॅप म्हणजे फोनच्या पडद्यावर दिसणारी चित्रे व बटणे, आणि तेवढेच असते तर तीन आठवड्यांचा तरुणाचा अंदाज खरोखर बरोबर ठरला असता. परंतु पडद्यामागे सर्व्हर लागतो, म्हणजे आलेल्या ऑर्डरी सांभाळणारा, चोवीस तास जागा असणारा आणि दर महिन्याला भाडे खाणारा दूरचा संगणक. पेमेंट गेटवे लागतो, म्हणजे ग्राहकाचे पैसे विक्रेत्याच्या खात्यात पोहोचवणारा व वाटेत आपला वाटा काढून घेणारा मध्यस्थ. आणि ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी ओटीपी लागतो. हा ओटीपी एसएमएसने पाठवायचा म्हटले की दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१८च्या नियमावलीनुसार पाठवणाऱ्या धंद्याची, त्याच्या संक्षिप्त नावाची आणि संदेशाच्या मसुद्याची डीएलटी नावाच्या व्यवस्थेत आधी नोंदणी व्हावी लागते. चार आकडे पाठवण्यासाठी मसुदा मंजूर करून घ्यावा लागतो हे ऐकून विक्रेता तरुणाकडे प्रथमच संशयाने पाहतो. आणि आपल्या तोंडचे जे शंभर टक्के खरे होते नेमके त्यावरच अविश्वास दाखवला गेल्यामुळे तरुण पुढे खोटे बोलायला मोकळा होतो.

खोटे अर्थात एकच असते, आणि तेही काटेकोरपणे पाहू जाता खोटे नसते. गणपतीच्या सुमारास विचारले असता ‘काका, नव्वद टक्के झालंय’ असे उत्तर येते, घटस्थापनेला विचारले तरी तेच येते, आणि वसुबारसेला आकड्यात बदल नसला तरी स्वरात थोडा थकवा जाणवतो. बेल प्रयोगशाळेतील टॉम कारगिल यांच्या नावावर असलेला आणि १९८५ साली जॉन बेंटली यांनी प्रसिद्ध केलेला एक नियम असा आहे की, पहिल्या नव्वद टक्के कोडला ठरलेल्या वेळेपैकी नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के. तरुण म्हणजे केवळ बेरीज १८०ची आहे एवढेच सांगत नसतो. विलंबावर विक्रेत्याकडे त्याच्या धंद्यातला हमखास उपाय असतो, तो म्हणजे माणसे वाढवणे. उशीर झालेल्या प्रकल्पावर नवी माणसे घातली की तो आणखी लांबतो, असे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये मांडले होते, पण चकल्यांच्या बाबतीत हा सिद्धान्त साफ चूक आहे, आश्विनात चार बायका जास्त बसवल्या की चकल्या जास्त होतात, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या या अनुभवापुढे ब्रुक्स यांचे काही चालत नाही. भाच्याचा आणखी एक मित्र आणला जातो. पुढचा पंधरवडा पहिला तरुण दुसऱ्याला आपण काय लिहिले आहे ते समजावून सांगण्यात घालवतो, आणि या प्रयत्नात ते त्याला स्वतःलाही नीटसे समजलेले नव्हते हे बाहेर येते.

दरम्यान कच्चे अॅप व्हॉट्सअॅपवरून विक्रेत्याकडे येते. स्टोअरला वळसा घालून आलेले अॅप बसवू गेल्यास अँड्रॉइड फोन अनोळखी स्रोताबद्दल धोक्याची सूचना देतो. विक्रेता ती वाचून फोन उलटा ठेवतो आणि सुनेला हाक मारतो. सून ते बसवते, पाव किलो खाऱ्या शंकरपाळ्यांची ऑर्डर टाकते, आणि अॅप शून्य किलो शंकरपाळ्यांसाठी शून्य रुपयांचे बिल सादर करते. याचे कारण शास्त्रीय आहे. डेटाबेस, म्हणजे माहिती साठवण्याची रचना, तयार करताना प्रत्येक रकान्यात कोणत्या प्रकारची संख्या बसेल हे आधीच ठरवावे लागते. तरुणाने वजनाच्या रकान्यासाठी पूर्णांक निवडलेला असतो, आणि अपूर्णांकाला पूर्णांकात कोंबले की दशांशचिन्हापुढचा भाग गळून पडतो. एकट्याने राहून बाहेरचे जेवणाऱ्या पिढीला फराळ पाव किलोनेही घेतात हे ठाऊक नसणे स्वाभाविक आहे, आणि विक्रेत्याला ही गोष्ट सांगावी लागेल असे न वाटणे त्याहून स्वाभाविक आहे. दुरुस्ती होते, पण ती पडद्यापुरती. रकाना तसाच राहतो, आणि ‘माझ्या फोनवर तर बरोबर दिसतंय, काका’ हे वाक्य इतिहासात जमा होते. विक्रेताही काही गरीब गाय नसतो: एवढ्या अवधीत त्याने फलकाचा लाल रंग, चिवड्यात शेंगदाणे वगळण्याची सोय, थोरल्या मुलीच्या सूचनेवरून भेटपेट्या आणि व्याह्यांच्या सूचनेवरून पॉइंट जमा करण्याची योजना असे ‘छोटेसेच’ बदल सुचवलेले असतात, ज्यांतील शेवटचा मूळ कामाहून मोठा असतो.

येथे कायद्याकडे परत वळणे आवश्यक आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार कृतीचा पहिला मालक म्हणजे तिचा कर्ता. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडवर मालकाचा हक्क असतो. फ्रीलान्सर मात्र नोकर नसल्यामुळे, वेगळा करार नसेल तर, कोड त्याचाच राहतो, मग विक्रेत्याने त्यापायी लाखभर रुपये मोजलेले का असेनात. विशेष म्हणजे याच कलमानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे अॅपमधील शंकरपाळ्यांचा फोटो विक्रेत्याचा, आणि त्या फोटोखालचे ‘खरेदी करा’ हे बटण ज्या ओळींनी चालते त्या भाच्याच्या मित्राच्या. हक्क हस्तांतरित करायचे तर कलम १९नुसार ते लेखी आणि सहीनिशी व्हावे लागतात, आणि अशा लेखात मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षे व प्रदेश नमूद नसेल तर तो भारत धरला जातो, त्यामुळे न्यू जर्सीतल्या पुतणीला फराळ पाठवण्याच्या योजनेचाही त्यात विचार हवा. वकिलाने एका पानात करून दिले असते असे हे काम आहे. परंतु काकाला पुतण्याकडे सही मागता येत नाही, हे वर आलेच आहे.

प्रकाशनाचा, म्हणजे स्टोअरवर अॅप चढवण्याचा, टप्पा विक्रेत्याला सर्वांत किरकोळ वाटतो. गूगलकडे खाते उघडण्यासाठी एकदाच २५ डॉलर आणि अॅपलकडे दर वर्षी ९९ डॉलर भरावे लागतात, आणि ते विक्रेत्याच्या नावाने भरावेत हे शहाणपण सुचेपर्यंत तरुणाने आपल्याच खात्याची तयारी केलेली असते. यथावकाश विक्रेत्याचे खाते उघडले जाते, तेव्हा नवाच नियम पुढे येतो: १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या व्यक्तिगत खात्यावरून अॅप सर्वांसाठी खुले करायचे असेल, तर गूगलच्या अटीप्रमाणे आधी बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला २० परीक्षक लागत, पुढे ही संख्या १२वर आली, आणि हे १२ जण सलग १४ दिवस चाचणीत सामील राहावे लागतात. मराठी कुटुंबात लग्नाच्या याद्यांसाठी याहून जास्त माणसे याहून कमी वेळात जमवली गेली आहेत, तेव्हा संख्येची अडचण नसते. अडचण सातत्याची असते. एका मेहुण्याकडे आयफोन असल्यामुळे तो बाद ठरतो, आणि हे कळल्यावर तो दुखावतोही. एका आत्याबाईंना आपला जीमेलचा पत्ता आठवत नाही, कारण तो दुकानातल्या मुलाने काढून दिलेला असतो. आणि अकराव्या दिवशी धाकटी मावशी, पडद्यावर दिसेल ते बटण दाबून पाहण्याच्या आपल्या स्वभावानुसार, चाचणीतून बाहेर पडण्याचे बटण दाबते, त्यासरशी संख्या ११ होते आणि १४ दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तोवर नरकचतुर्दशी उलटलेली असते.

अॅपलच्या दारात पाहुण्यांचे काम नसते. तेथे परीक्षक नावाचा मनुष्य अॅप स्वतः उघडून पाहतो. त्याला आत शिरता यावे म्हणून एक नमुना-खाते द्यायचे असते, आणि तरुण घाईत विक्रेत्याचाच मोबाइल क्रमांक देऊन मोकळा होतो. परिणामी मध्यरात्र उलटून गेल्यावर विक्रेत्याच्या फोनवर एकामागून एक ओटीपी येऊ लागतात, आणि ओटीपी कोणालाही सांगू नये हे बँकेने मनावर बिंबवलेले असल्यामुळे तो ते कोणालाही सांगत नाही. अॅप नाकारले जाते. दुसऱ्या खेपेला ते वेगळ्या कारणाने नाकारले जाते: खाते उघडण्याची सोय असलेल्या अॅपमध्ये खाते पुसण्याचीही सोय हवी, असा अॅपलचा ३० जून २०२२पासूनचा दंडक आहे. आलेल्या गिऱ्हाइकाला आपणच बाहेरचा दरवाजा का दाखवायचा, हा विक्रेत्याचा प्रश्न व्यापारशास्त्राच्या दृष्टीने बिनतोड आहे, परंतु तो अॅपलला विचारण्याची सोय भाच्याकडेही नसते.

देवदिवाळीच्या सुमारास अॅप दोन्हीकडे झळकते. अनारशांचा हंगाम संपलेला असला तरी अभिनंदनाचे संदेश येतात. ऑर्डरी मात्र पूर्वीसारख्या फोनवरच येत राहतात, कारण फोनवर ‘जरा खमंग भाजा’ असे सांगता येते आणि अॅपमध्ये त्यासाठी रकाना नाही. पुढल्या ऑगस्टअखेरपर्यंत अॅप नव्या अँड्रॉइडशी जुळवून घ्यावे, अशी गूगलची सूचना येते, तेव्हा तरुण हिंजवडीच्या एका कंपनीत रुजू झालेला असतो आणि ‘वीकेंडला बघतो, काका’ असे मनापासून सांगतो. वीकेंड येतात आणि जातात. मुदत टळते, नव्या फोनवरून शोधणाऱ्या नव्या ग्राहकांना अॅप दिसेनासे होते, आणि पाहावयास बोलावलेला तिसरा तरुण कोड वरपासून खालपर्यंत वाचून, नव्या पिढीच्या समीक्षकाला शोभेल अशा गांभीर्याने, यातले काहीच ठेवण्यासारखे नाही असा अभिप्राय देतो.

हा अभिप्राय वाङ्मयीन दृष्ट्या योग्य असला तरी कायद्याला तो मान्य नाही. साहित्यकृतीवरील कॉपीराइट कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तेव्हा हिंजवडीतील तो पंचविशीतला तरुण पंचाहत्तरीपर्यंत जगला असे धरले, तर त्याच्या वारसांकडे या अॅपचे हक्क आजपासून ११० वर्षे सुरक्षित राहतील, आणि त्यांत वजनाच्या रकान्यासाठी पूर्णांक निवडणारी ती ओळही येते.