काळजीवाहू अण्णा

अण्णांचं बायकांशी कसलंही वैर नाही. त्यांना बायकांची फक्त काळजी वाटते. सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत वाटते, आणि जिथं जिथं ती वाटते तिथं तिथं एखाद्या बाईची नोकरी, खुर्ची नाहीतर जमीन तरी जाते.

अण्णा कुठल्या गावचे हे सांगून उपयोग नाही. बिरवाडीपासून आंबेनळी घाटाच्या पायथ्यापर्यंत कुठल्याही वाडीत चौकशी करा, एक अण्णा भेटतीलच. वय पंचावन्नच्या आसपास, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी ‘त्याचं काय आहे’.

25 डिसेंबरला भाषणाची संधी अण्णा सहसा सोडत नाहीत. 1927 साली याच दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडात मनुस्मृतीचं दहन झालं. अण्णा माइक हातात घेऊन सांगतात, “मनुस्मृती आपण इथंच जाळली! त्यामुळं आपल्याकडं स्त्री-पुरुष भेदभावाचा प्रश्न तेव्हाच मिटला.” यातलं ‘आपण’ असं ठासून येतं की काडेपेटी त्यांच्या आजोबांनीच पुरवली असावी. मग ते पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी पोचतात, शिवराय घडवणाऱ्या माउलीला वंदन करतात आणि खाली बसता बसता मागं वळून म्हणतात, “बायकांना म्हणावं, चहा आणा.”

पोटापाण्यासाठी अण्णा महाडच्या एमआयडीसीत, रसायनांच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. तिथं बायका नाहीत असं नाही. झाडलोटीला आहेत, कँटीनला आहेत, पॅकिंगला आहेत. प्लांटवर जायचं म्हटलं की मात्र अण्णांची काळजी आडवी येते. मागं रसायनशास्त्रात बीएस्सी झालेली एक मुलगी मुलाखतीला आली. तापमान, दाब, गळती झाली तर काय करायचं, सगळं घडाघडा सांगत होती. अण्णांनी विचारलं, “लग्नाचं काय?”

“अजून नाही झालं.”

“म्हणजे होणार. मग तू सोडून जाणार.”

“आणि झालेलं असतं तर?”

“तर मूल होणार.”

“मूल मोठं असतं तर?”

“तर त्याचं दहावीचं वर्ष असणार. बाळ, त्याचं काय आहे, तुझ्याच भल्याचं सांगतोय.”

जागा एका मुलाला मिळाली. त्याचं लग्न पुढच्याच महिन्यात होतं. अण्णा खूश झाले. म्हणाले, “बरं झालं. डोक्यावर जबाबदारी पडली की पोरगं टिकून काम करतं.”

रात्रपाळीचा तर विषयच काढायचा नाही. 1948 च्या कारखाने कायद्यानं संध्याकाळी सात ते सकाळी सहा बायकांना कारखान्यात कामाला मज्जाव केला होता. पुढं महाराष्ट्रानं कायदा बदलला. बाईची संमती हवी, सुरक्षेची आणि ने-आणीची सोय हवी, मग रात्रीही काम करता येईल, असं ठरलं. हा बदल अण्णांपर्यंत अजून पोचलेला नाही. “रात्रीचं बाईमाणसानं घराबाहेर? छे!”

इकडं एप्रिल उजाडला की पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत पाण्याचा ठणठणाट होतो. पावसाळ्यात धो धो कोसळलेलं सगळं पाणी सावित्री नदीनं केव्हाच खाडीला नेऊन घातलेलं असतं. मग झऱ्यावर नंबर लावायला अण्णांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पहाटे तीनला हंडा-कळशी घेऊन निघतात. या रात्रपाळीला अण्णांची हरकत कशी नाही, असं मी एकदा विचारलं. अण्णा शांतपणे म्हणाले, “तिथं सगळ्या बायकाच असतात ना. पुरुषमाणूस फिरकत नाही. एकदम सुरक्षित.”

आषाढात लावणीला माणसं लागतात. दिवसभर चिखलात कमरेतून वाकून लावणी करतात बाया. पण गड्याचा रोज जास्त, बाईचा कमी. समान कामाला समान वेतन देणारा कायदा 1976 सालीच झाला, हे अण्णांना ठाऊक आहे. पण त्यांचा हिशेब कायद्याच्या पुढं जातो. “गड्याला बिडी-तंबाखूचा खर्च असतो. बाईच्या हातात जास्त पैसे दिले तर नवरा काढून घेणार. उगाच तिच्या घरात भांडण कशाला लावा?”

73 व्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या आणि 2011 मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्यावर नेल्या. सोडतीत आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. अण्णांनी वहिनींना उभं करायचं ठरवलं. हे वहिनींना अर्जावर सही करताना कळलं.

वहिनी निवडून आल्या आणि अण्णांनी कार्डं छापून घेतली. नाव वहिनींचं, मोबाईल नंबर अण्णांचा, फोटो दोघांचा. त्यातही वहिनी जरा मागं. रजिस्टर घेऊन ग्रामसेवक स्वयंपाकघरात येतो, वहिनी हाताचं पीठ झटकून सही करतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, तिथंही अण्णा हजर. “मंडळी नवीन आहेत, गोंधळून जातील. मी फक्त सोबतीला,” असं म्हणून ते दीड तास बोलतात. 2025 मध्ये केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाच्या समितीनं अशा कारभारी नवऱ्यांना जबर दंडाची शिफारस केली, ती बातमी त्यांनीच मला वाचून दाखवली. वर म्हणाले, “अगदी योग्य. काही लोक फारच ढवळाढवळ करतात.”

2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा अण्णांनी कामांची नवी वाटणी केली. महाडहून औषधं आणणं, बिल भरणं, गिरणीचा पट्टा आणणं ही कामं वहिनींकडं, कारण खर्च निम्मा. पंचायत समितीची मीटिंग मात्र अण्णांकडं. “घाटरस्ता, ऊन, धूळ. तिला कशाला त्रास?”

आणि मग महामार्ग रुंद झाला. अण्णांच्या वडिलोपार्जित जमिनीची पट्टी त्यात गेली आणि मोबदल्याच्या कागदावर त्यांच्या बहिणीचं, ताईंचं, नाव निघालं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हा कायदा महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून आहे. तोवर भाऊबीजेला ‘तूच ये ना, एसटी आहेच की’ म्हणणारे अण्णा स्वतः गाडी घेऊन डोंबिवलीला ताईंना आणायला गेले. घरी कोंबडी-वडे झाले, भारीतली साडी झाली. पान खाऊन झाल्यावर अण्णांनी हक्कसोडपत्र पुढं केलं.

“त्याचं काय आहे ताई, प्रांत ऑफिसचे हेलपाटे, वकील, कागदपत्रं. या वयात तुला हे झेपायचं नाही. मला तुझी काळजी वाटते.”

ताईंनी चष्मा लावून कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. घडी घालून परत दिला.

“अण्णा, मला पण तुझी वाटते रे. तुझं बीपी हे असं. एवढी मोठी रक्कम एकट्यानं सांभाळायची म्हणजे जिवाला केवढा घोर! अर्धा भार मी उचलते.”

वहिनी भांडी आवरत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण दोनच दिवसांनी ग्रामसभा होती आणि अण्णा रात्रपाळी करून नुकतेच घरी आले होते. वहिनींनी त्यांच्यासमोर चहा ठेवला, गादी घातली आणि पायात चपला सरकवल्या.

“रात्रभर जागलात. आता स्वस्थ झोपा. सभेचं मी बघते.”

“अगं पण तिथं लोक प्रश्न विचारतील...”

“म्हणून तर म्हणते. तुम्हाला कशाला ताप?” असं म्हणत त्यांनी टेबलावरचा अण्णांचा मोबाईल उचलून पिशवीत टाकला. “सरपंचाच्या कार्डावर हाच नंबर आहे. लोकांचे फोन येतात, तुमची झोप मोडते.”

परवा एसटी स्टँडवर अण्णा भेटले. हातात गिरणीचा पट्टा होता, पूर्ण तिकिटाचा. तब्येत विचारली तर तोंड कडू करून म्हणाले, “त्याचं काय आहे, हल्ली बायका फार काळजी करायला लागल्यात.”