मिरांडा नाना

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, सदुसष्टाव्या वर्षी गुन्हेशास्त्राचा नाद लागला तो केवळ फुकट होतं म्हणून. न्यू जर्सीतली बरीच कम्युनिटी कॉलेजं पासष्टीपुढच्यांना, वर्गात जागा उरली असेल तर, शिकवणीची फी माफ करतात. ही बातमी नानांनी मंदिरात प्रसादाच्या रांगेत मिळवली. बागकाम भरलं होतं, फोटोग्राफी भरली होती, ‘क्रिमिनल जस्टिस’मध्ये खुर्ची रिकामी होती. पुस्तक मात्र विकत घ्यावं लागलं. ते माझ्या कार्डावर.

वर्गात पोलिसांत जायला निघालेली विशीतली पोरं, रात्रपाळी करून पेंगणारा एक सिक्युरिटी गार्ड आणि पहिल्या बाकावर कानटोपीतले नाना. पदवीला साठ क्रेडिट लागतात. “मला कुठे भरतीला उभं राहायचंय?” म्हणत ते सत्राला तीन घेतात.

पण हुशार माणूस. पुरावा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना दर टप्प्याला सही, तारीख, वेळ लागते, असं सरांनी सांगितलं तेव्हा नाना उठून म्हणाले, “यात नवीन काय? साताऱ्याच्या पोस्टात मी चौतीस वर्षं रजिस्टर्ड पत्रांचं हेच करत होतो.” ठशांच्या धड्याला तर ते तापलेच. कोलकात्यात १८९७ साली ठशांची कचेरी उघडली. वर्गीकरणाचं किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी निस्तरलं आणि पद्धतीला नाव लागलं हेन्रीसाहेबाचं. “काम कारकुनाचं, नाव साहेबाचं. आमच्या खात्यातही तेच!”

खरा जीव मात्र जडला तो मिरांडावर. १९६६च्या त्या निकालापासून अमेरिकेत ताब्यातल्या माणसाला प्रश्न विचारण्याआधी पोलिसांना सांगावं लागतं, की बाबा रे, तुला गप्प बसायचा हक्क आहे, वकील मागायचा हक्क आहे. नानांनी तो मजकूर कार्डावर छापून लॅमिनेट करून घेतला. आणि गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष धरायचा, हे ज्या दिवशी वर्गात शिकवलं, त्या रात्री ते जेवताना गहिवरून म्हणाले, “जावईबापू, बेचाळीस वर्षांच्या संसारात हे मला कुणी सांगितलं नाही हो.”

कारण आमच्या सासूबाईंचं न्यायशास्त्र वेगळं. तिथे आधी निकाल, मग चौकशी, आणि आरोपी कायमचा ठरलेला. नळ ठिबकतोय? हे. रिमोट सापडत नाही? हे. नातवाने कार्ड वाचल्यापासून तोही गृहपाठाबद्दल गप्प बसण्याचा हक्क बजावू लागला, त्याचं खापरही यांच्याच डोक्यावर.

परवा दूध उतू गेलं. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. “गॅस कुणी मोठा ठेवला?”

नानांनी खिशातून कार्ड काढून ओट्यावर ठेवलं आणि ओठ मिटले.

“बोलत नाही, म्हणजे तुम्हीच!”

“तसा अर्थ काढता येत नाही,” नाना हळूच म्हणाले, “ग्रिफिन विरुद्ध कॅलिफोर्निया, १९६५.”

“हे कॅलिफोर्निया नाही, न्यू जर्सी आहे. आधी तो ओटा पुसा.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी वकील नव्हतो. साक्षीदारही व्हायचं नव्हतं. मग त्यांनी कार्ड दुधातून उचललं, सदऱ्याला पुसलं आणि फडकं शोधायला लागले.