दहावी ‘ब’चा हिवाळी ग्रुप : वापरण्यापूर्वी वाचावे

१९८५च्या आसपास दहावी होऊन पांगलेल्या आणि आता व्हॉट्सॲपवर पुन्हा एकत्र आलेल्या मित्रमैत्रिणींसाठी ही मार्गदर्शिका आहे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ग्रुप आपोआप चालतो. आंब्यांचे भाव आणि धरणांतला पाणीसाठा एवढ्यावर महिने निघतात. हिवाळा मात्र अवघड. दिवाळीचा फराळ संपला की थंडी, राजकारण आणि घरच्यांच्या तब्येती असे तिन्ही विषय एकदमच अंगावर येतात, आणि कुठल्या विषयावरून कुठल्या विषयावर कधी उडी मारावी याचं भान नसलेला सभासद संक्रांतीपर्यंत टिकत नाही.

सुरुवात नेहमी थंडीनं करावी. राजकारणावर एकमत होणार नाही, तब्येतीचं सकाळी सातला कुणी काढू नये; थंडी मात्र सगळ्यांच्याच वाट्याला थोडीफार येते. तरी ‘आज खूप गारठा आहे’ एवढंच लिहिणं नवखेपणाचं लक्षण. आकडा द्यावा आणि तो कुठला तेही लिहावं. पुणेकरांना शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव अशी निवड करता येते. त्यातला सगळ्यात कमी तो आपला समजावा, मग घर धायरीला का असेना. मुंबईकरांनी कुलाब्याचं नाव काढू नये, तिथं समुद्र पारा खाली येऊच देत नाही. सांताक्रूझ सांगावं. कुणी दात काढले तर २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले होते, हे तोंडावर फेकावं. शिवाय हवामान खात्यानं किनारपट्टीला सवलत देऊन ठेवली आहे. मैदानी भागात पारा दहाच्या खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी उतरल्याशिवाय थंडीची लाट जाहीर होत नाही. किनाऱ्यावर तेवढीच घसरण असेल तर पंधरा अंशांनाही लाट म्हणता येते. पंधरा अंशांत कानटोपी घालून फिरणाऱ्या दादरकराला याहून मोठा सरकारी पाठिंबा कोण देणार?

हा सगळा रुबाब निफाडवाला जागा होईपर्यंतच. तो विशेषणं वापरत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा त्या दिवशीचा आकडा तेवढा टाकतो, ‘५.२’, आणि पुणे-मुंबईचं बोलणं तिथंच संपतं. या आकड्याखाली ‘वॉव, मस्त’ असं चुकूनही लिहू नये. त्याची द्राक्षबाग आहे. ही थंडी गव्हाला मानवते, द्राक्षाला नाही. मण्यांची फुगवण थांबते, पारा आणखी उतरला की मण्यांना तडे जातात. तो आकडा टाकतो तेव्हा रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून आणि पहाटे ठिबकचं पाणी सोडून नुकताच घरात आलेला असतो. तुमच्या गच्चीवरच्या वाफाळत्या चहाच्या फोटोला त्याचा अंगठा येतो. तो कौतुकाचा नसतो.

परदेशस्थांसाठी वेगळी पथ्यं. शिकागोवाल्याकडे ३० जानेवारी २०१९ हा हुकमाचा एक्का आहे. त्या दिवशी तिथं पारा उणे तीस सेल्सिअसच्याही खाली गेला होता. एक्का दरवर्षी एकदाच टाकावा, रोज टाकला की लोक ‘तिकडे हीटर असतात रे’ म्हणून मोकळे होतात. फॅरनहाइटमध्ये तर लिहूच नये. ‘आज फक्त २०’ असं वाचून गोंदियाची मैत्रीण ‘मजा आहे बाबा तुमची, इथं ९’ असं कळकळीनं उत्तर देते. दोन्ही मोजपट्ट्या उणे चाळीसला एक होतात, पण तेवढं थांबण्यापेक्षा भागाकार करणं सोपं. मेलबर्नवालीनं या दिवसांत फोटो टाकू नयेत.

थंडीवरून राजकारणात जायचं तर नागपूरमार्गे जावं. १९५३च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक तरी अधिवेशन दरवर्षी नागपुरात घ्यायचं ठरलं, म्हणून डिसेंबर आला की नागपूरचा सभासद हक्कानं विचारतो, ‘यंदा किती दिवस?’ कुणीतरी हुरडा पार्टीचा विनोद करतो. नागपूरकर अनुशेषाचे आकडे काढतो. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे असतं आणि घाबरण्याचं कारण नसतं. खरी कसोटी पुढे. हल्ली ‘शिवसेना’ किंवा ‘राष्ट्रवादी’ एवढंच लिहून भागत नाही. कोणती ते लिहावं लागतं, आणि ते लिहिलं की आपण कुठले तेही कळतं. अनुभवी माणूस म्हणून चिन्हच लिहितो. धनुष्यबाण, मशाल, घड्याळ, तुतारी. बालवाडीच्या तक्त्यासारखी ही यादी कुणाला दुखवत नाही. विषय अगदीच थंडावला तर २३ नोव्हेंबर २०१९चा शपथविधी काढावा. राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली आणि शपथ आठच्या सुमाराला झाली, त्यामुळे त्याला पहाटेचा म्हणावं की सकाळचा, यावर एक अख्खा रविवार निघतो.

राज्यात जे होतं ते थोड्याच दिवसांत ग्रुपवरही होतं, याची मनाची तयारी ठेवावी. बँकेतून निवृत्त झालेल्यानं एक फॉरवर्ड टाकला, कोथरूडवाल्यानं त्याला ‘आयटी सेल’ म्हटलं, तेवढ्यावरून रात्रीतून ‘दहावी ब (मूळ)’ असा नवा ग्रुप निघतो. मग नावाचा आणि चिन्हाचा वाद. मुख्याध्यापकांचा फोटो डीपीला कुणी लावायचा? निम्मे सभासद दोन्हीकडे असतात आणि दोन्हीकडे सुप्रभात म्हणतात. अशा वेळी ॲडमिननं विधानसभाध्यक्षांकडे पाहावं. पक्षांतरबंदीचा कायदा राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात आहे आणि तो १९८५चाच आहे, म्हणजे एका अर्थी आपल्याच बॅचचा. त्याच्याखाली आलेल्या अर्जांवर १० जानेवारी २०२४ला निकाल लागला तेव्हा एका गटाला खरा पक्ष ठरवलं गेलं आणि अपात्र मात्र दोन्हीकडचं कुणीच झालं नाही. ॲडमिनला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. एकच काळजी घ्यावी, निकालाला तेवढाच वेळ लावावा. तोवर लोक भांडणाचं कारण विसरतात.

ग्रुप सोडून जाण्याची धमकी पूर्वी जड होती. ‘लेफ्ट’ अशी ओळ सगळ्यांना दिसायची. २०२२पासून ती फक्त ॲडमिनला कळते, आणि न दिसणाऱ्या सभात्यागाला काय अर्थ? सोडायचंच असेल तर आधी लांबलचक निवेदन टाकावं, समजूत काढणारे तीन मेसेज येईपर्यंत थांबावं आणि मग राहावं.

तब्येतीचं शास्त्र याहून नाजूक आहे, कारण तब्येतीची बातमी स्वतःच्या नावानं कधी येत नाही. ती ‘नाशकात चांगला ऑर्थो कोण रे? शेजाऱ्यांसाठी विचारतोय’ अशी येते. शेजारी कुणी नसतो, आईचा गुडघा असतो. ‘दोन दिवस जरा नेटवर्क नव्हतं’ म्हणजे अँजिओग्राफी. ‘सगळं नॉर्मल’ या शब्दांपाठोपाठ रिपोर्टचा फोटो आला तर खरं, नाहीतर फोन करावा. साखरेच्या बाबतीत फास्टिंगच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये; दोन दिवस भात सोडून तो कुणालाही आणता येतो. एचबीएवनसी विचारावं. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी येते, म्हणजे दिवाळीच्या चकल्यांपासून डिंकाच्या लाडवांपर्यंतचा सगळा हिशेब. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. म्हणून पहाटे पाचला टेकडीवरून सेल्फी टाकणाऱ्या बीपीवाल्याला लाइक देऊ नये, ‘ऊन पडल्यावर जा’ म्हणून लिहावं. आणि एकटे असताना छातीत दुखलं तर जोरजोरात खोकत राहा, असा फॉरवर्ड दर हिवाळ्यात येतो, त्याखाली कुणी नमस्काराचे हात टाकण्याआधी ‘हे खोटं आहे, १०८ला फोन करा’ एवढं लिहून टाकावं. फॉरवर्ड टाकणाऱ्याला राग येईल. येऊ द्यावा.

या सगळ्यात नवख्यांची फसगत होते ती एका प्रश्नावर. रात्री दहानंतर कुणी एकट्याला वेगळा मेसेज करून ‘तिकडे थंडी कशी आहे?’ असं विचारलं तर उत्तरात अंश लिहू नयेत. त्याला तापमान ॲपवर दिसतंय. तुमच्या वडिलांचा दमा बळावला होता, हे त्याच्या लक्षात आहे. ‘रात्री बसून काढली, आता जरा डोळा लागलाय’ असं लिहावं. उलट, रोज वाद घालणारा बँकवाला विधानसभेत गदारोळ झाल्याच्या दिवशीही गप्प असेल, तर त्याचा मुद्दा संपला असं समजून कोथरूडवाल्यानं विजयाचं स्टिकर टाकू नये. वहिनींना फोन करावा. मुद्दा संपल्यामुळे तो आजवर कधी गप्प बसलेला नाही.

दवाखान्याची वेळ आलीच तर ग्रुप कसा चालतो ते समजून घ्यावं. मूळ कुठला आणि फुटीर कुठला, हे कुणी विचारत नाही. रक्तगटाचा मेसेज दोन्हीकडे एकाच मिनिटाला पडतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल आहे का, शिधापत्रिका आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला कुठं गाठायचं, हे कोथरूडवाल्याला तोंडपाठ निघतं. ज्या पक्षाच्या नावानं तो वर्षभर बोटं मोडतो, त्याच पक्षाच्या आमदाराच्या स्वीय सहायकाचा नंबरही त्याच्याकडे असतो. तो कुठून आला, हे विचारू नये. निफाडवाला काही न लिहिता गाडी काढतो. ‘गेट वेल सून’चे फुलांचे फोटो टाकायचं काम उरलेल्यांनी करावं, पण त्या गर्दीत दुसऱ्या कुणाच्या बातमीवरची भावपूर्ण श्रद्धांजली इथं पडणार नाही एवढं पाहावं.

आयसीयूतून वॉर्डात आणल्यावर एखाद्या दुपारी बँकवाल्याचा पहिला मेसेज येतो. आभाराचा नसतो. पडून राहिल्याच्या दिवसांतलं सगळं मागचं वाचून तो कोथरूडवाल्याच्या एका जुन्या लिंकखाली ‘फेक न्यूज’ असं लिहितो. त्यावर ‘तू आराम कर’ असं उत्तर देणं हा अपमान आहे. नीट भांडावं, पुरावे मागावेत, फक्त वाक्यं आखूड ठेवावीत, कारण सलाईन उजव्या हाताला असतं. आणि मध्येच वहिनींनी फोन काढून घेतला तर ती फेरी आपण जिंकली असं धरू नये.