येरवड्यास काही काळ वास्तव्य

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने सिद्ध करण्याची जोखीम पुण्यातील ज्या वयोवृद्ध आप्तांनी सेवानिवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी शिरावर घेतली, त्यांचा छापील तक्ता गेल्या आठवड्यात हॉलंडातील डेल्फ्ट येथे, कन्येच्या बिऱ्हाडी, आमच्या हाती पडला. नाव, जन्मशक, शिक्षण, हुद्दा आणि 'विशेष कर्तबगारी' असे त्यात रकाने होते, आणि ते कसे भरावेत हे कळावे म्हणून जुन्या आवृत्तीतील चार पानांची नक्कल सोबत जोडली होती. ती पाने वाचून आमचा ऊर भरून आला. कारण दोनशे वर्षांच्या अवधीत आमच्या कुळात एकही लबाड, व्यसनी, कर्जबुडवा किंवा भाऊबंदांचा बांध कोरणारा पुरुष निपजला नाही, असे त्यांवरून निर्विवाद ठरत होते, आणि लहानपणी माजघरात जे काही आमच्या कानांवर पडले होते ते बहुधा शेजारच्या आळीतील कुटुंबासंबंधी असावे.

अर्थात कुलवृत्तांताची भाषा ही एक स्वतंत्र विद्या आहे. 'पुढे देशांतरास गेले' म्हणजे सावकाराचा तगादा असह्य झाला. 'हात सढळ होता' म्हणजे नदीकाठचे शेत गेले. 'न्यायालयीन कामाचा दीर्घ अनुभव' म्हणजे सख्ख्या भावावर लावलेला आणि नातवांनी कंटाळून मिटविलेला दावा. परंतु या विद्येचा कळस आमच्या एका चुलत आजोबांच्या नोंदीत आहे. 'सन १९३२ च्या सुमारास काही काळ येरवड्यास वास्तव्य.' ज्या वर्षी प्रत्यक्ष महात्माजी येरवड्याच्या तुरुंगात होते त्याच वर्षाचा हा उल्लेख असल्यामुळे, वाचणाऱ्याचे हात आपोआप जोडले जातात. आजोबा तेथे गेले होते ते एका पतपेढीच्या रोकडवहीत दोन ठिकाणी शून्ये वाढविल्याबद्दल. पण वाक्यात एक अक्षर खोटे असेल तर शपथ.

ही विद्या ज्यांना मुळीच साधली नाही असे एक कुटुंब सतराव्या शतकात येथे डेल्फ्टच्या बाजारचौकात राहत होते. त्या कुटुंबातील चित्रकार योहान्नेस व्हर्मीर याचे नाव आज जगाच्या तोंडी आहे. डाव्या खिडकीतून झिरपणारा उजेड, दूध ओतणारी मोलकरीण, पत्र वाचण्यात गढलेली स्त्री, अशी त्याची जेमतेम तीन डझन चित्रे पाहून, हा मनुष्य कोणा सात्त्विक, मितभाषी, संध्याकाळी लवकर दार लावून घेणाऱ्या घराण्यात जन्मला असणार अशी प्रेक्षकांची खात्री पटते. येल विद्यापीठातील जॉन मायकेल माँटियास यांनी, ज्यांचे पूर्वायुष्य साम्यवादी देशांच्या अर्थव्यवस्थेचा हिशेब मांडण्यात गेले होते, डेल्फ्टच्या दफ्तरखान्यात बसून नोटरींच्या जुन्या बाडांवरील धूळ झटकली, आणि १९८९ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून निघालेली वंशावळ पाहून आमचे पुण्याचे आप्त खचित अंथरूण धरतील.

मातामह बाल्थासार हे धातुकामातील कुशल कारागीर. ते कौशल्य त्यांनी १६१९ च्या सुमारास खोटी नाणी पाडणाऱ्या टोळीच्या सेवेस लावले. मुलगाही त्या प्रकरणात अडकला. टोळीच्या दोघा म्होरक्यांची मस्तके हेग येथे धडावेगळी झाली, आणि आजोबा सरकारदरबारी कबुलीजबाब देऊन मोकळे झाले, यावरून कुटुंबातील व्यवहारज्ञानाची कल्पना यावी. पितामही जुन्या सामानाचा व्यापार करी, सोडती काढी आणि पुढे कर्जात बुडाली. वडील रेनीर हे विणकर. १६२५ मध्ये त्यांच्या एका मारामारीत जखमी झालेला शिपाई पाच महिन्यांनी दगावला. पुढे त्यांनी चौकातच 'मेखेलेन' नावाचे पथिकगृह घेतले व चित्रांचाही व्यापार केला. सासुरवाडीकडे पाहावे तर मेहुणा विलेम याने, लोखंडी टोक बसविलेली काठी घेऊन, आपल्या गरोदर बहिणीवर, म्हणजे चित्रकाराच्या पत्नीवर, हल्ला केला. तो प्रसंग टानेके नावाच्या मोलकरणीने मध्ये पडून निभावला आणि तशी जबानीही दिली. ज्या घरात इतकी शांतता रंगविली गेली तेथे ती कितपत नांदत होती, हे त्या जबानीवरून ताडता येते.

आणि खुद्द कलावंत? अकरा मुले मागे ठेवून तो डिसेंबर १६७५ मध्ये वारला, तेव्हा पाववाल्याचे ६१७ गिल्डर देणे होते, आणि त्या बदल्यात पाववाल्याने दोन चित्रे ठेवून घेतली. उधारीपोटी चित्र ठेवून घेणारा पाववाला आम्हांस आजपर्यंत भेटलेला नाही. आमचा वाणी सुटे पैसे नसल्यास गोळ्या देतो, एवढीच त्याची कलाभिरुची. पुढे दिवाळे निघाले आणि मिळकतीची व्यवस्था पाहण्यास नगरसभेने नेमला कोण, तर सूक्ष्मदर्शकातून पाण्याच्या थेंबात जीवजंतू पाहणारा लेव्हनहूक! घरातील चीजवस्तूंची जी मोजदाद फेब्रुवारी १६७६ मध्ये झाली तीत पांढऱ्या फरची कड असलेले पिवळे साटिनचे जाकीटही नोंदलेले आहे. तसेच जाकीट घालून त्याच्या चित्रांतील स्त्रिया आजही निश्चिंत बसलेल्या आहेत.

मौज अशी की या मनुष्याने स्वतःचे एक पत्रही मागे ठेवलेले नाही. त्याच्याविषयी जे थोडेबहुत कळते त्यातील बहुतेक भाग फिर्यादींतून, जामिनांतून आणि कर्जखतांतून आलेला आहे. त्याच चौकात, त्याच काळी, कोणाचे देणे न बुडविता, कोणास काठी न उगारता जे सद्गृहस्थ राहिले, त्यांचा बाप्तिस्मा झाला, विवाह झाला, दफन झाले. तीन नोंदींत सगळी साधुता आटोपली. वंशजांनी आपली आठवण ठेवावी अशी ज्यांची तीव्र वासना असेल त्यांनी धर्मशाळा बांधण्यापूर्वी एखाद्या चांगल्या वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

आपल्याकडील जुने लोक याबाबतीत आमच्या आप्तांइतके सोवळे नव्हते. वतनाचा तंटा मजालशीपुढे गेला म्हणजे जो करीना, म्हणजे घराण्याची हकीकत, लिहून देत, त्यात भाऊबंदांचे खूनही ते बिनदिक्कत नमूद करीत. कारण पाटीलकी कोणाची हे त्या रक्तावरच ठरावयाचे होते. पूर्वजांची लाज वाटणे ही इनामे खालसा झाल्यानंतरची सुधारणा होय. आणि हा न्याय एकट्या देशावरचाच नव्हे. याच डेल्फ्टमध्ये १० जुलै १५८४ रोजी बाल्थासार जेरार्ड नामक इसमाने, स्पेनविरुद्धच्या बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज यास, गोळ्या घातल्या. त्यांच्या खुणा विल्यमच्या प्रिन्सेनहोफ या निवासस्थानाच्या भिंतीत अजून आहेत. चार दिवसांनी मारेकऱ्याला याच बाजारचौकात हालहाल करून ठार मारले. परंतु स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने त्याच्या कुटुंबास सरदारकीची सनद व फ्रांश-काँते प्रांतात जमिनी दिल्या. त्या घराने कुलवृत्तांत काढला असता तर 'विशेष कर्तबगारी'चा रकाना अपुरा पडला असता. (चित्रकाराच्या आजोबांशी या बाल्थासारचा नामसादृश्यापलीकडे काही संबंध नाही, आमच्या आप्तांनी, जमिनीचा उल्लेख वाचून, तो जोडला असता.)

तात्पर्य, आम्ही तक्ता भरून पाठविला. आजोबांच्या नावापुढे पतपेढी, शून्ये आणि सक्तमजुरीची मुदत सुवाच्य अक्षरांत लिहिली. उलट टपाली उत्तर आले की पृष्ठमर्यादेमुळे जुनाच मजकूर कायम ठेवीत आहोत, आणि परदेशस्थ शाखेने देणगी युरोपीय चलनात पाठविल्यास हरकत नाही.

राहता राहिला आमचा स्वतःचा रकाना, आणि तो आजपर्यंत कोराच होता. मंगळवारी रात्री कन्येची सायकल दिव्यावाचून कालव्याकाठी हाकीत असता आम्हांस शिपायाने अडविले, नावगाव टिपून घेतले, आणि दंडाचा कागद यथाकाल टपालाने येईल असे मोठ्या अदबीने सांगितले. कन्या म्हणते, तो येताच भरून टाकावा, मुदत टळली की रक्कम वाढते आणि दुसरा, अधिक कडक कागद येतो. आम्ही दुसऱ्या कागदाची वाट पाहणार आहो.