डिअर मिस्टर पांडुरंग

महाराष्ट्राचे शिक्षण मंडळ दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव छापते, मग नाव, मग वडिलांचे नाव. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की मराठी माणूस तो नोकरीच्या अर्जातही सोडत नाही. पलीकडे अर्ज वाचणारे सॉफ्टवेअर मात्र सातासमुद्रापारच्या रीतीचे: पहिला शब्द नाव, शेवटचा आडनाव. आठवड्याभरात मेल येते, ‘डिअर मिस्टर पांडुरंग, थँक यू फॉर युअर इंटरेस्ट.’ पांडुरंग हे अर्जदाराचे तीर्थरूप. ते एसटीतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना कसलाही इंटरेस्ट नाही.

या सॉफ्टवेअरला ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम म्हणतात. दरारा मोठा असला तरी मूळ काम फायली लावण्याचे. अर्ज आला की ते त्यातला मजकूर उपसते, नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्ये अशा खणांत टाकते आणि एचआरमधल्या कुणी ‘ऑटोकॅड’ असा शब्द शोधला की ज्यांच्या खणात तो सापडेल त्यांना पुढे करते. घोटाळा होतो तो उपसताना.

कारण झेरॉक्सच्या दुकानात सजवून घेतलेला बायोडाटा पाहण्यासाठी असतो, वाचण्यासाठी नव्हे. चौफेर महिरप, डावीकडे फोटो आणि छंद, उजवीकडे अनुभव, मध्ये उभी रेघ. काही सॉफ्टवेअरना ती रेघ दिसतच नाही. ती डावीकडून उजवीकडे सरळ वाचत सुटतात आणि ‘पोहणे, २०१६ ते २०१९, सीनियर इंजिनिअर’ अशी कारकीर्द तयार होते. फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये असेल तर तो गळण्याचीही शक्यता असते. मग लायक उमेदवार सापडतो, पण त्याला कळवायचे कुठे? इंग्रजीला पाचापैकी चार तारे देणाऱ्याचे तारे हे यंत्राच्या लेखी नुसते चित्र. आणि संपूर्ण अर्ज स्कॅन करून, तळाशी ‘वरील माहिती खरी आहे’ अशी सहीनिशी ग्वाही देणाऱ्याच्या फाइलमध्ये अक्षर म्हणून काही नसतेच. चित्रातली अक्षरे ओळखण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर त्याने अत्यंत प्रामाणिकपणे कोरा कागद पाठवलेला असतो.

पुढचा पेच शिक्षणाचा. शोधणाऱ्याने ‘बॅचलर ऑफ इंजिनिअरिंग’ टाइप केले आणि अर्जात नुसते ‘बी. ई.’ असले, तर साध्या शब्दजुळणीत दोघांची गाठ पडत नाही; म्हणून दोन्ही लिहावे. पुणे विद्यापीठ २०१४ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. त्याआधीच्या पदवीधराला ड्रॉपडाउनमध्ये आपले विद्यापीठ हुडकताना घाम फुटतो. मुंबईच्या व्हीजेटीआयने मात्र १९९७ सालीच दूरदृष्टी दाखवली: व्हिक्टोरिया ज्युबिली गेली, वीरमाता जिजाबाई आली आणि आद्याक्षरांना धक्कासुद्धा लागला नाही.

पांढऱ्यावर काळे करून भागत नाही म्हणून काही जण पांढऱ्यावर पांढरे करतात. जाहिरातीतले सगळे शब्द तळाशी पांढऱ्या शाईत चिकटवायचे. माणसाला दिसणार नाहीत, यंत्राला दिसतील. ही युक्ती जुनी आहे आणि भाबडीही. मजकूर उपसला की रंग उडतो, आणि एचआरच्या पडद्यावर त्यांचीच जाहिरात त्यांना साभार परत मिळते.

‘शंभरातले पंचाहत्तर अर्ज यंत्रच फेकते’ असे छातीठोकपणे सांगितले जाते. त्या आकड्यामागचा अभ्यास मात्र कुणी पुढे ठेवत नाही, आणि सांगणारा पुष्कळदा रेझ्युमे दुरुस्त करून देण्याची फी घेणारा असतो. उमेदवाराला खरोखर बाद करतात ते अर्जातले साधे प्रश्न. नोटीस पिरियड किती? नव्वद दिवस. कंपनीला हवा ‘इमिजिएट जॉइनर’. खेळ खलास. ती अट कुणीतरी जिवंत माणसाने चहा पिता पिता टाइप केलेली असते, त्यामुळे प्रस्तुत लेखकाचा राग यंत्रापेक्षा त्या चहावर जास्त आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांच्या २०२१ च्या अहवालात अशा अटींचा पंचनामाच आहे. नोकरीत सहा महिन्यांहून मोठा खंड दिसला की अर्ज बाजूला, असे सुमारे निम्म्या कंपन्या करत होत्या. तो खंड बाळंतपणाचा की सासूबाईंच्या आजारपणाचा, हे विचारायला तिथे कुणी नव्हते.

अमेरिकेतल्या एका उमेदवाराने २०२३ साली वर्कडे या असे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीवर खटलाच भरला. एका अर्जाला एका तासाच्या आत, रात्री १ वाजून ५० मिनिटांनी नकार आला, असे त्याचे म्हणणे. कंपनीला आरोप मान्य नाहीत. पण अपरात्री इतकी तत्परता दाखवणारा कारकून आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत विरळाच.

यंत्राला नुसते वाचायला न लावता निवडही शिकवायची, हा प्रयोग ॲमेझॉनने २०१४ पासून करून पाहिला. शिकवणीला दहा वर्षांचे जुने अर्ज दिले आणि त्यांत पुरुषांचेच जास्त होते. यंत्राने योग्य तो बोध घेतला. ‘महिला’ या अर्थाचा शब्द दिसला की गुण कमी. ‘महिला बुद्धिबळ क्लबची कर्णधार’ म्हणजे वजाबाकी. २०१८ साली रॉयटर्सने हे उघड केले, तेव्हा प्रकल्प आधीच गुंडाळला होता. नाहीतर २०२५ चा महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकलेल्या नागपूरच्या दिव्या देशमुखला ते कर्तृत्व अर्जात लपवावे लागले असते.

त्याच यंत्राला ‘एक्झिक्यूटेड’ आणि ‘कॅप्चर्ड’ ही क्रियापदे मात्र फार आवडत, कारण पुरुष इंजिनिअरांच्या अर्जांत ती जास्त असत. इथे मराठी अर्जदार मुळातच मागे. दोन वर्षे रात्री जागून प्रकल्प एकट्याने उभा केला तरी तो लिहिणार, ‘टीमच्या कामात खारीचा वाटा होता.’ त्या यंत्रापुढे ‘पूल एक्झिक्यूट केला, लंका कॅप्चर केली’ असे ठोकून देणाऱ्या वानराला मुलाखतीचा कॉल गेला असता, आणि खारीला रात्री १ वाजून ५० मिनिटांनी मेल.