आठ तासांच्या आधीचा तास

५ जून २०२५ला समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. नागपूर ते आमणे ७०१ किलोमीटर, म्हणे फक्त आठ तास! (आमण्याहून मुंबई अजून पुढंच आहे, पण ते असो.) आम्हा वैजापूरकरांना तर जांबरगावला चढायची सोय. अडचण एवढीच, की त्यासाठी आधी वैजापुरातून निघावं लागतं. पुढे दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर. गाणी फुल्ल आवाजात, मागे लाल दिवा मात्र नाही. शेजारी कांद्याचे पिकअप. मधोमध बुलेट उभी करून एकजण पाहुण्यांची ख्यालीखुशाली विचारतोय. हॉर्न दिला तर म्हणतो, "दम धरा की भाऊ, समृद्धी कुठं पळून चाललीय?" समृद्धीवर ताशी १२०ची मर्यादा; इथं गेलेला वेळ तिथं वसूल करायला गेलं, की कॅमेरा चलान फाडतो.